ही कवटी कुणाची?

पावसाळा संपून डोंगरातल्या वाटा मोकळ्या झाल्या की माझ्या फोनवर एका ठरावीक प्रकारचे फोटो येऊ लागतात. कुणी ट्रेकवरून पाठवतं, कुणी शेताच्या बांधावरून, कुणी विहिरीतला गाळ उपसताना. फोटोत एखादी पांढरी पडलेली कवटी असते, कधी नुसता जबडा, आणि खाली प्रश्न: "डॉक्टर, हे माणसाचं तर नाही ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कवटी माणसाची असेल तर कुठल्यातरी घरातलं माणूस परत आलेलं नाही आणि त्या घराला अजून काही कळलेलं नाही. आणि ती माकडाची असूनही कुणी छातीठोकपणे "लहान मुलाची" म्हणून सांगितलं, तर तासाभरात गावभर नरबळीची अफवा पसरते आणि एखाद्या निरपराध भटक्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. बहुतेक वेळा ती कवटी शेळीची, कुत्र्याची, गाईगुरांची, रानडुकराची नाहीतर वानराची असते. पण "बहुतेक वेळा" म्हणजे "नेहमी" नव्हे.

तुम्हाला ओळखता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. माणसाचं हाड कुठलं आणि जनावराचं कुठलं, या घोळात आम्ही डॉक्टर मंडळी जवळजवळ तेराशे वर्षं अडकून पडलो होतो. तो घोळ सुटला तोही बराचसा उघड्यावर सापडलेल्या हाडांमुळेच. आज ती गोष्ट सांगतो. कवटी ओळखण्याच्या खुणा त्यातच येतील.

गेलनचा जबडा

गेलन हा रोमन साम्राज्यातला सगळ्यात नावाजलेला वैद्य. जन्म इ. स. १२९, गाव पर्गामम, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बर्गामा. उमेदीच्या काळात तो ग्लॅडिएटर लोकांच्या जखमा शिवायचा, पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला. त्याने लिहिलंही प्रचंड. पण एक अडचण होती. त्याच्या काळी रोममध्ये माणसाचं प्रेत फाडून बघायची रीत नव्हती. मग त्याने उत्तर आफ्रिकेतली बिनशेपटीची माकडं, डुकरं, शेळ्या, बैल, कुत्री, मिळेल ते जनावर फाडलं आणि त्यावरून माणसाच्या शरीराचं वर्णन केलं.

गेलनला यातली उणीव कळत नव्हती असं नाही. तो शिष्यांना सांगायचा, जमलं तर अलेक्झांड्रियाला जा, तिथे माणसाचा खरा सांगाडा दाखवून शिकवतात. तिथवर जाणं जमत नसेल तर निदान डोळे उघडे ठेवून हिंडा. त्याने स्वतःचे दोन अनुभव लिहून ठेवलेत. एकदा नदीला पूर आला आणि काही महिन्यांपूर्वी निष्काळजीपणे बांधलेलं एक थडगं फुटलं; प्रेत वाहत जाऊन दलदलीच्या जागी लागलं. मांस गळून गेलेलं, हाडं मात्र एकमेकांना धरून. दुसऱ्यांदा डोंगरातल्या वाटेकडेला एका दरोडेखोराचा सांगाडा पडलेला दिसला. वाटसरूने त्याला मारलं होतं, गावकऱ्यांनी रागाने पुरायला नकार दिला आणि पक्ष्यांनी हाडं साफ केली. गेलन म्हणतो, जणू शिकवण्यासाठीच तयार करून ठेवल्यासारखा.

इतकं असूनही गेलनच्या ग्रंथात माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, हनुवटीपाशी जोडलेला, असं लिहिलं गेलं. ते चूक आहे. मोठ्या माणसाचा खालचा जबडा हे एकच अखंड हाड आहे. आत्ता हनुवटीवरून बोट फिरवून बघा, कुठेही सांधा लागणार नाही. कुत्र्याचा, शेळीचा, बैलाचा जबडा मात्र खरोखरच दोन अर्ध्यांचा असतो. गंमत म्हणजे माकडाचा आणि डुकराचा जबडाही आपल्यासारखा जुळलेला असतो. म्हणजे निदान जबड्यापुरतं गेलनने माकडावर विसंबायला हवं होतं!

इथे आपल्याकडे काय होतं, असं कुणीतरी विचारणारच. सुश्रुतसंहितेत प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून, कुजल्यावर कुंचल्याने घासत एकेक थर बघायची रीत सांगितली आहे. म्हणजे बघणं माणसाच्याच शरीराचं. तरीही सुश्रुताच्या मोजणीत हनूची हाडं दोन आहेत, तर चरकसंहितेत हनूचं हाड एक आणि त्याची मुळं दोन. कोण बरोबर यावर मी भांडणार नाही, कारण एका अर्थी दोघंही बरोबर आहेत. नवजात बाळाचा जबडा दोन अर्ध्यांचाच असतो आणि पहिल्या वर्षभरात तो हनुवटीपाशी जुळून एक होतो.

दोन हजार कवट्या

गेलनचं वाक्य हजार वर्षं तसंच चाललं. ग्रीकमधून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये, एका वैद्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती. त्या सगळ्यांनाही स्वतःचा जबडा होताच. पण ग्रंथ हातात असला की हनुवटीवरून बोट फिरवायचं सुचत नाही.

मग १२०० साली नाईल नदीला पाणीच आलं नाही. इजिप्तमध्ये दोन वर्षं भीषण दुष्काळ पडला. माणसं इतकी मेली की पुरायला कुणी उरलं नाही. त्या वेळी कैरोत बगदादचा एक वैद्य शिकवत होता, अब्द अल-लतीफ. आपल्या विद्यार्थ्यांना नुसत्या पुस्तकावरून हाडं समजत नाहीत हे त्याला दिसत होतं. कैरोजवळ अल-मक्स इथे मृतांच्या हाडांचा ढीग पडलाय असं कळल्यावर तो त्यांना घेऊन तिथे गेला.

त्याने जे लिहिलं ते आजही वाचण्यासारखं आहे. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं सगळे म्हणतात, आणि "सगळे" म्हणजे खरं तर एकटा गेलन. मी जबडा पाहिला, त्यात सांधा नाही. पुन्हा पाहिला. इतरांना पाहायला लावलं. दोन हजारांहून जास्त कवट्या तपासल्या, सगळ्यांत जबडा एकच. गेलन थोर खराच, पण डोळ्यांना दिसणारा पुरावा त्याच्याहून थोर.

आठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस नमुना पुरेसा मोठा घेतो, स्वतःचं निरीक्षण दुसऱ्याकडून ताडून बघतो, आणि मग बोलतो. औषधांच्या चाचण्यांबद्दल मी इथे इतकं लिहितो, त्यातला अर्धा गाभा या एका नोंदीत आहे. पण एवढं करून त्याचं लिखाण युरोपात पोचलं फार उशिरा. फ्रेंचमध्ये ते पूर्ण आलं १८१० साली. तोवर तोच शोध दुसऱ्या एकाला पुन्हा नव्याने लावावा लागला होता.

फासावरून चोरलेला सांगाडा

हा दुसरा म्हणजे अँड्रिअस व्हेसेलियस. १५१४ साली ब्रुसेल्समध्ये जन्मलेला आणि हाडांचं अक्षरशः वेड असलेला. पॅरिसला शिकताना तो जुन्या कबरस्तानात जाऊन हाडं चिवडत बसे. माँफोकाँच्या फासाच्या टेकडीवर हाडं शोधताना तिथल्या पिसाळलेल्या कुत्र्यांनी त्याला आणि त्याच्या सोबत्याला चांगलंच घेरलं होतं. डोळे बांधून अर्धा तास कुठलंही हाड हातात द्या, नुसत्या स्पर्शाने सांगतो, अशी पैज हे विद्यार्थी लावायचे. आमच्या पहिल्या वर्षाच्या व्हायव्हात पिशवीतून हाड काढायला लावत, त्याची आठवण झाली.

१५३६ साली लूव्हाँ गावाबाहेर त्याला फासावर लटकत राहिलेल्या एका गुन्हेगाराचा सांगाडा दिसला, पक्ष्यांनी स्वच्छ केलेला. मित्राच्या मदतीने वर चढून त्याने आधी हातपाय काढले आणि चोरून थोडे थोडे घरी नेले. छातीचा भाग साखळीने बांधलेला होता, तो आणायला तो एक रात्र गावाच्या वेशीबाहेर कोंडून राहिला. सगळं जुळवून सांगाडा उभा केला आणि लोकांना सांगितलं, पॅरिसहून आणलाय.

पुढे १५४० साली बोलोन्याला शिकवताना त्याने माणसाचा आणि माकडाचा असे दोन सांगाडे शेजारी शेजारी उभे केले. गेलनने माणसाच्या मणक्याचा म्हणून सांगितलेला एक उंचवटा त्याने माकडात दाखवला, आणि माणसात तो नाही हेही दाखवलं. १५४३ साली बाझेलला त्याचा शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात एक चित्र आहे: माणसाची कवटी, आणि तिच्याखाली उशीसारखी ठेवलेली कुत्र्याची कवटी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते मृत्यूचं काहीतरी प्रतीक वाटतं. खरं तर तो सरळ पुरावा आहे. गेलनने माणसाच्या चेहऱ्यावर सांगितलेली शिवण कुणाच्या चेहऱ्यावर असते, ते शेजारी ठेवून दाखवलंय. खालचा जबडा एकच असतो हेही त्याने ठासून लिहिलं.

याचं बक्षीस काय मिळालं? त्याचे पॅरिसचे गुरू सिल्व्हियस इतके खवळले की त्यांनी त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला जाहीरपणे वेडा ठरवलं. गेलन चुकला नाही, म्हणाले. गेलननंतर माणसाचं शरीरच बदललंय! पुरावा विरोधात गेला की पुरावाच बदनाम करायचा, ही खोड आजकालची नाही.

आता तुमच्या फोटोतला अर्धा जबडा बघू. हनुवटीच्या टोकाशी तो तुटून टोकदार झालेला नसून खरखरीत, सपाट सांध्यावरून सुटल्यासारखा दिसतोय का? मग तो बहुधा शेळी, मेंढी, हरीण, गाय, कुत्रा, मांजर यांपैकी कुणाचा आहे. या प्राण्यांत दोन अर्धे चिवट पेशीजालाने बांधलेले असतात. ते कुजलं की सुटे होतात. मोठ्या माणसाचा जबडा असा सुटत नाही. अपवाद फक्त तान्ह्या बाळाचा, आणि तो अर्धा तुमच्या करंगळीपेक्षाही लहान असेल. त्या बाबतीत अंदाज बांधत बसू नये, पोलिसांना कळवावं.

कवीला सापडलेलं हाड

व्हेसेलियसने ती चेहऱ्यावरची शिवण माणसात नाही म्हटलं, आणि त्यातून पुढे एक मोठा गैरसमज झाला. वरच्या जबड्यात पुढचे चार दात ज्या हाडात बसतात ते हाड जनावरांत वेगळं दिसतं. कुत्र्याच्या किंवा माकडाच्या कवटीत नाकाच्या कडेपासून सुळ्याच्या पुढे उतरणारी रेघ स्पष्ट असते. माणसाच्या चेहऱ्यावर ती नसते. अठराव्या शतकात पेट्रुस कांपरसारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाने हे हाड नसणं हाच माणूस आणि माकड यांतला खरा फरक धरला.

जर्मन कवी ग्योथेला हे पटेना. १७८४ च्या मार्चमध्ये येना इथे त्याने माणसांच्या आणि जनावरांच्या कवट्या शेजारी ठेवून तपासल्या आणि माणसाच्या टाळूच्या बाजूने त्या शिवणीची खूण त्याला दिसली. हाड असतं; फक्त जन्माआधीच शेजारच्या हाडाशी चेहऱ्याच्या बाजूने बेमालूम जुळून जातं. फ्रान्समध्ये व्हिक दाझीरला हे चार वर्षं आधीच दिसलं होतं, पण ग्योथेला त्याचा पत्ता नव्हता. कांपरने काही ते मान्य केलं नाही आणि ग्योथेचा निबंध छापून यायला १८२० साल उजाडलं.

हे तुम्हाला पुस्तकी वाटेल, पण या हाडाशी आमची रोज गाठ पडते. ओठ आणि हिरडी दुभंगून जन्मलेल्या बाळात फट मधोमध नसते, बाजूला असते. ती पडते त्याच सीमेच्या आसपास, जिथे हा पुढचा भाग बाजूच्या भागाशी जुळायचा राहून जातो. दोन्ही बाजूंनी फट असेल तर मधला तुकडा सुटा, पुढे आलेला दिसतो. आईवडील विचारतात, ग्रहणामुळे झालं का? नाही हो. प्रत्येकाच्याच चेहऱ्यात जी जोडणी गर्भात व्हायची असते, ती इथे अपुरी राहिली.

ग्योथेची दुसरी कवटी तर थेट आपल्या विषयातली आहे. १७९० साली व्हेनिसजवळ लिडोच्या वाळूत, एका जुन्या दफनभूमीपाशी, त्याच्या नोकराने एक फुटकी कवटी उचलली आणि माणसाचीच म्हणून थट्टेने मालकासमोर धरली. ती मेंढीची होती. तिच्या तड्यांकडे बघताना ग्योथेला वाटलं, कवटी म्हणजे फुगून पसरलेले मणकेच! १८०६ साली हार्झ डोंगरात ओकेन नावाच्या तरुणाला हरणाची कवटी पडलेली दिसली आणि त्यालाही हेच सुचलं. मग पहिला कोण यावर वाद. पन्नासेक वर्षं भल्याभल्यांना भुरळ घातलेली ही कल्पना हक्सलीने १८५८ साली गर्भातल्या कवटीची वाढ दाखवून मोडीत काढली. सापडलेल्या एका कवटीवरून थोर सिद्धांत सुचतात, ते टिकतातच असं नाही.

शिवालिकातला डॉक्टर

याच सुमारास हाडांवरून प्राणी ओळखण्याचं शास्त्र पॅरिसमध्ये क्युव्हिए पक्कं करत होता. १७९६ साली त्याने दाढांवरून दाखवलं की भारतातला हत्ती वेगळा, आफ्रिकेतला वेगळा, आणि सैबेरियात गाडला गेलेला मॅमथ या दोघांहून वेगळा. आपल्या हत्तीच्या दाढेवर अरुंद समांतर पट्ट्या असतात, आफ्रिकी हत्तीच्या दाढेवर शंकरपाळ्यासारखे आकार. दाढ बघून प्राणी ओळखायची ती पद्धत आजही तीच आहे.

ती पद्धत भारतात वापरली एका डॉक्टरने. ह्यू फाल्कनर हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन. १८३२ पासून सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. तिथून जवळच्या शिवालिक टेकड्यांत त्याला आणि प्रोबी कॉटली या इंजिनीअरला (गंगेचा मोठा कालवा काढणारा तोच) दगड झालेल्या हाडांचा खजिना सापडला. पण ताडून बघायला ना संग्रहालय, ना ग्रंथ. मग फाल्कनरने आजूबाजूच्या जिवंत प्राण्यांचे, वाघ, म्हैस, हरणं यांचे सांगाडे स्वतः तयार केले आणि तेच ग्रंथ म्हणून वापरले. १८३६ साली त्यांनी जिराफाच्या कुळातल्या एका अवाढव्य, शिंगं असलेल्या प्राण्याच्या कवटीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि शिवाच्या नावावरून तिला नाव दिलं शिवाथेरियम.

या फाल्कनरच्या नशिबीही शेवटी एक जबडा आलाच. १८६३ साली फ्रान्समध्ये अबव्हिलजवळच्या एका खाणीत अतिप्राचीन माणसाचा जबडा निघाल्याची बातमी आली. जबडा माणसाचाच होता, प्रश्न वयाचा होता. त्याच खाणीतून मिळालेला दात लंडनमध्ये करवतीने कापून बघितला तर आत ताजा, पांढरा! मजुरांना माणसाच्या हाडासाठी बक्षीस लावलेलं होतं. त्यांनी ते "शोधून" दिलं होतं. हाड कुणाचं हे कळलं तरी कधीचं हा प्रश्न वेगळा उरतो, तो असा.

नेमके दोन तुकडे गायब

आणि मग पिल्टडाउन. १९१२ च्या डिसेंबरात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत एक कवटी मांडली गेली. ससेक्समधल्या रेतीत चार्ल्स डॉसन या वकिलाला ती सापडली होती. कवटी माणसासारखी, जबडा माकडासारखा. माणूस आणि वानर यांना जोडणारा दुवा, तोही इंग्लंडात! मोठमोठे शास्त्रज्ञ हरखून गेले.

त्या जबड्यातून दोन भाग गायब होते. एक हनुवटीचा, दुसरा कानापुढे कवटीत बसणारा सांध्याचा. मी विद्यार्थ्यांना सांगतो, जबडा कुणाचा हे ठरवायला सगळ्यांत उपयोगी दोन जागा कुठल्या, तर याच. हनुवटीचा पुढे आलेला उंचवटा फक्त माणसाला असतो, आणि सांधा शाबूत असता तर तो त्या कवटीत बसलाच नसता.

शंका घेणारे होतेच. किंग्ज कॉलेजचे शरीरशास्त्रज्ञ डेव्हिड वॉटरस्टन यांनी १९१३ सालीच लिहिलं की हा जबडा त्या कवटीला लावणं म्हणजे माणसाच्या पायाला चिंपांझीचं पाऊल जोडण्यासारखं आहे. एका दंतवैद्याने विचारलं, सुळा तर अजून पुरता न वाढलेल्या वयाचा दिसतो, मग इतका झिजला कसा? कुणी फारसं ऐकलं नाही. १९५३ साली वायनर, ओकली आणि ल ग्रो क्लार्क यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरचे कानशीचे ओरखडे दाखवले. जबडा ओरांगउटानचा, रंग रसायनांनी चढवलेला. २०१६ साली आलेल्या अभ्यासात हे सगळं एकाच माणसाचं, आणि बहुधा डॉसनचंच, काम असल्याचा निष्कर्ष निघाला. तोवर त्याला मरून शंभर वर्षं झाली होती.

यात खरं नुकसान झालं ते दुसऱ्याच एका कवटीचं. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथल्या चुन्याच्या खाणीतून आलेल्या दगडांत रेमंड डार्ट या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाला एका पिल्लाची कवटी मिळाली. मेंदू लहान, पण कवटीच्या तळाचं मोठं छिद्र, ज्यातून मज्जारज्जू खाली उतरतो, ते पुढे सरकलेलं. म्हणजे हा जीव डोकं मानेवर तोलून दोन पायांवर चालत होता. डार्टचं बरोबर होतं. पण पिल्टडाउनने सगळ्यांना मोठा मेंदू आणि माकडाचा जबडा शोधायची सवय लावली होती. इथे नेमकं उलट. डार्टला वीसेक वर्षं थांबावं लागलं.

आता तुमची कवटी

डार्टने पाहिलं तेच आधी पाहा. तळाचं ते मोठं छिद्र खाली, मध्याच्या जवळ असेल तर माणूस. अगदी मागच्या बाजूला असेल तर चार पायांचं जनावर. मग डोळ्यांची खोबण. कुत्रा, कोल्हा, मांजर, बिबट्या, रानडुक्कर यांच्या खोबणीची कडा मागे उघडी असते. शेळी, गाय, हरीण, घोडा यांची कडा पूर्ण गोल, पण मागे भिंत नाही. बोट आरपार जाईल. माकड, वानर आणि माणूस यांची खोबण वाटीसारखी, मागून हाडाने बंद.

दात सगळ्यांत बोलके. वरच्या जबड्यात पुढे दातच नाहीत, तर शेळी, गाय, हरीण. पुढे छिन्नीसारखे दोन लांब दात आणि मग मोठी मोकळी जागा, तर घूस किंवा साळिंदर. कात्रीसारख्या धारदार दाढा म्हणजे मांसाहारी. कवटीच्या कडांवर समांतर खाचा दिसल्या तर घाबरू नका. साळिंदर हाडं कुरतडतं, त्याच्या त्या खुणा असतात.

खरी फसगत होते ती वानराच्या आणि माकडाच्या कवटीत. गोल डोकं, समोर बघणारे डोळे, आणि दात मोजले तर आपल्यासारखे बत्तीस! लोकांना लहान मूल वाटतं ते यामुळेच. पण तोंड पुढे आलेलं असतं, हनुवटी मागे उतरलेली, सुळ्याच्या पुढे फट, दाढांवर दोन आडव्या धारा. आणि साधा विचार करा: इतक्या लहान डोक्याच्या मुलाला बत्तीस दात कसे असतील? दोन-तीन वर्षांच्या मुलाला वीसच असतात.

हे सगळं न हलवता, फोटोवरून बघायचं. शेजारी पेन ठेवून समोरून, बाजूने आणि दिसत असेल तर दातांचा फोटो घ्या, जागा नीट लक्षात ठेवा. थोडी जरी शंका असेल तर ११२ वर फोन करा आणि काही उचलू नका. हाड कुठे, कसं पडलं होतं यावरूनही बरंच कळतं. प्राण्याचं आहे असं नक्की वाटलं तरी घरी शोभेला आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित वन्य प्राण्याची कवटी, हाडं, शिंगं ही सरकारी मालमत्ता आहे. जंगलात गळून पडलेलं सांबराचं शिंगसुद्धा बाळगता येत नाही. वनखात्याला कळवा.

आणि हात. उन्हात वाळलेल्या जुन्या पांढऱ्या हाडातून रेबीज होत नाही. तो विषाणू वाळल्यावर टिकत नाही. ताज्या मेलेल्या प्राण्याचं डोकं मात्र वेगळं. लाळ किंवा मेंदूचा भाग तुमच्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागला तर पंधरा मिनिटं धुवा (जखम साबणाने, डोळा नुसत्या वाहत्या पाण्याने) आणि त्याच दिवशी लशीसाठी या. गुरं, शेळ्या-मेंढ्या एकाएकी मेलेल्या ठिकाणची हाडं आणि कातडी तर अजिबात हाताळू नयेत. त्यांना अँथ्रॅक्स, म्हणजे ज्याला गुराखी फाशी म्हणतात, तो झालेला असू शकतो. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि हाडांत अनेक वर्षं जिवंत राहतात. अशा हाताळणीनंतर आठवडाभरात हातावर खाजरी पुळी आली, तिचा फोड होऊन मध्ये काळी खपली धरली, भोवती सूज आहे पण दुखत मात्र नाही, तर ती काळपुळी असू शकते. दुखत नाही म्हणून थांबू नका. वेळेत दिलेल्या साध्या अँटिबायोटिकने ती बरी होते. उपचाराविना राहिलेल्या दर पाच रुग्णांपैकी एक दगावू शकतो. दवाखान्यात आल्यावर हाड कुठे आणि कधी हाताळलं ते स्वतःहून सांगा, आम्ही विचारायची वाट बघू नका.